काळ्या पानाचं भात

मारुतीनं फवारणीचा पंप शेताच्या बांधावर नेऊन ठेवलाय, असं भावजयीनं सांगितलं आणि मी चहाचा कप हातात तसाच धरून घरातून निघाले. अर्धा चहा वाटेत सांडला. सांडू दे म्हटलं.

मारुती माझा धाकटा भाऊ. सारी उमर उद्यमबागेतल्या फौंड्रीत लोखंड ओतण्यात गेली त्याची, आता घरी असतो. मी निपाणीला दिलेली. वैशाखात चार दिवस माहेरी, अनगोळला, आले होते. आमचं शेत वीस गुंठ्यांचं, गावाबाहेर, नाल्याकडेला. एका बाजूला नाला, दुसऱ्या बाजूला नवी पत्र्याची शेड, आणि मधे हा तुकडा. वळवाचे दोन पाऊस पडून गेलेले. कुणी मूठभर बी टाकलं नव्हतं, तरी शेत काठोकाठ हिरवं झालं होतं. अनोळखी माणसानं बघितलं असतं तर म्हणाला असता, वा, काय झकास भात उगवलंय.

ते भात नव्हतं, रानभात होतं. ज्यांनी भात फक्त ताटात बघितलंय त्यांच्यासाठी सांगते. रानभात म्हणजे भाताच्या शेतातलं तण, पण दिसायला हुबेहूब भात. तीच पाती, तीच चाल. लोंबी येईपर्यंत जाणत्यालाही चकवतं. मग भातापेक्षा उंच होतं, दाण्याला काळं फोलपाट आणि लांब कुसळ येतं, आणि आपलं भात पिकायच्या आठ दिवस आधी पिकून वाऱ्याच्या एका झुळकीसरशी सगळा दाणा चिखलात सांडून मोकळं होतं. तो दाणा तिथं वर्षानुवर्षं पडून राहतो. दुकानात त्याच्यावर औषध नाही, कारण ते भातच आहे. त्याला मारील ते आपल्या भातालाही मारतं.

मारुती पंपाच्या टाकीत पाणी ओतत होता. म्हणाला, तीन सालं झाली, कापायच्या आधीच निम्मं पीक गळून पडतंय, आता सगळं जाळणारं औषध मारतो आणि मुरूम टाकून घेतो. शेजारच्या शेडवाल्याला ट्रक लावायला जागा हवी होती. तो वर्षभर मागं लागला होता म्हणे.

मी वाकून एक रोप उपटलं. मुळाशी बोटानं चिखल पुसला. जुनं फोलपाट अजून मुळाला चिकटलेलं होतं, काळं, कुसळासकट. आणि रोपाचा बुडखा बघितला तर जांभळा. हा रंग कुठून आला ते त्याला माहीत नव्हतं. मला चांगलं माहीत होतं.

"एक हंगाम मला दे," मी म्हटलं. "नवरात्रात घट बसायच्या आदी तू सगळं शेत फिरून बघ. रानभाताची एक जरी काडी सापडली, तर मुरूम टाक. मी हूं का चूं करणार न्हाय."

एक जरी काडी! असं कुणी बोलतं का? पण माझं तोंड हे असंच आहे, जन्मापासून. मारुती हसला. म्हणाला, "आक्का, तुझं वय काय, बोलतीस काय." मी पंप उचलून नाल्यापलीकडं ठेवला आणि घरी जाऊन निपाणीला फोन केला, की मी आता दिवाळीलाच येणार.

*

माझ्या लहानपणी त्या बांधावर उभं राहिलं की वडगावच्या कौलांपर्यंत भातच भात दिसायचं. वारा तिकडून असला की विणकरांच्या मागांची खटखट ऐकू यायची, इकडून असला की आमच्या भाताचा वास त्यांच्या घरात जायचा. हे मी कवतिकानं सांगत नाही. खरंच जायचा. आमचा जुना बासमती फुलोऱ्यात आला की वडगावच्या बायका बाजारात आईला सांगायच्या, काल मागावर बसून तुमच्या भाताचा वास घेतला म्हणून. आई अशी खूश व्हायची की जणू तो वास तिनं स्वतः डब्यात भरून पाठवला होता.

त्या शेताची मालकी कागदावर आप्पांची, म्हणजे आमच्या वडिलांची. पण हुकूम चालायचा आत्तीचा. आत्ती आप्पांची थोरली बहीण. सासरहून एकदा आली ती परत गेली नाही. का ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. तिला विचारायची तर आमची छाती नव्हती. काळीसावळी, उंच, कासोटा घट्ट मारलेला, आणि डोळे असे की दहा पाथींवरून चुकीचं रोप ओळखायची. भांगलणीला, म्हणजे तण काढायला, बायका एका ओळीत, एका पाथीत बसायच्या आणि आत्ती मधोमध. खुरप्यांचा खसाखसा आवाज, डोक्यावर पोत्याच्या खोळी, तुटलेल्या केन्याचा ओला हिरवा वास, कुणाच्या तरी मिश्रीचा वास, आणि घोट्याभोवती गार चिखल. एक गाणं सुरू व्हायचं, दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत त्याचं दुसरंच काहीतरी व्हायचं. पावसाची सर आली तरी कुणी उठायचं नाही.

सगळंच तण वैऱ्याचं, असं तेव्हा नव्हतं. कुर्डूची कोवळी पानं बायकांच्या ओटीत जायची, संध्याकाळी घराघरांत तीच भाजी. केना म्हशीला. माका आई तेलात घालायची. लव्हाळ्याच्या गाठी आम्ही खणून काढून वासासाठी पाटीच्या दप्तरात ठेवायचो. आत्तीच्या डोक्यात पक्का हिशेब होता, कोणतं खायचं, कोणतं घालायचं, कोणतं कुजवायचं. फक्त रानभाताशी तिचं सरळ वैर. लोंबी यायच्या आत सापडलं तर म्हशीला. लोंबी आल्यावर सापडलं तर ते पदरात बांधून घरी आणायचं आणि न्हाणीच्या चुलीत घालायचं. म्हशीला घातलं तर दाणा शेणातून जसाच्या तसा शेतात परत येतो, असं ती सांगायची. उकिरड्यावरचं शेण वर्षभर कुजून काळं भुगा झाल्याशिवाय तिनं एक पाटी शेतात पडू दिली नाही. आता ट्रॉलीनं शेण विकत येतं, कुणाच्या गोठ्यातलं, कालचं का परवाचं, कोण विचारतो?

आणि तिची ती दुसरी तऱ्हा! कुणाचीही पेरायची कुरी, कुणाचाही कुळव मागून आणला, की आमच्या बांधावर तो आधी आपटायचा, फणांतली माती खराट्यानं झाडायची, मग आत न्यायचा. दुसऱ्याच्या रानातलं बी आपल्या रानात नको. एकदा एका पाहुण्याचा कुळव तिनं त्याच्या डोळ्यांदेखत असा आपटला की तो दोन वर्षं आमच्याकडं जेवला नाही. आत्तीला त्याचं काही नाही. आता कापणीचं मशीन येतं, सकाळी एकाच्या शेतात, दुपारी दुसऱ्याच्या. ते कोण आपटणार?

वळीव झाला की शेजारीपाजारी कुरी जुंपायचे. आप्पांचा जीव वरखाली व्हायचा. आत्ती बियाण्याच्या पोत्यावर बसून राहायची. अक्षरशः बसायची, पाट घेतल्यासारखी. म्हणायची, आधी त्याला उगवू दे, मग मार. म्हणजे काय, तर वळवाच्या ओलीवर चिखलातलं रानभात आपसूक वर यायचं. मग कुळव घालून ते उलथायचं. परत थांबायचं. परत उगवेल ते परत उलथायचं. आणि मगच पेरायचं. शेजाऱ्यांचं भात बोटभर झालेलं असायचं आणि आमचं शेत उघडं. लोक हसायचे. मला शाळेत पोरी चिडवायच्या, तुमचं बी आत्तीनं खाल्लं काय गं म्हणून. आश्विनात मात्र कुणी हसत नसे.

*

पण हे सगळं करूनही चार-पाच वर्षांनी रानभात डोकं वर काढायचंच. मग आत्ती एका सकाळी आप्पांना सांगायची, औंदा काळं. आणि घरातले सगळे कपाळाला हात लावायचे.

काळं म्हणजे काळ्या पानाचं भात. दाणा दिसायला साधाच. पण रोप वर आलं की पाती जांभळी, देठ जांभळा, सगळं शेत वांग्याच्या सालीच्या रंगाचं. चहूकडं हिरवंगार आणि मधे आमचा तो वीस गुंठ्यांचा काळा चौकोन. वडगावचे विणकर सायकलवरून जाताना एक पाय खाली टेकून उभे राहायचे. रंगाची पारख असलेली माणसं ती. एक जण आप्पांना म्हणालेला, असा रंग आम्हाला सुतावर उतरत नाही.

त्या वर्षी भांगलण म्हणजे पोरखेळ. शेत जांभळं, तर जे हिरवं दिसेल ते रानभात. उपट. विचार करायला नको, मूळ बघायला नको. मी आणि मारुती शाळा सुटली की दप्तर बांधावर टाकून आत. कोण जास्त उपटतो त्याची पैज. मारुती चार हिरव्यांबरोबर दोन काळी उपटायचा आणि चिखलात दाबून टाकायचा. मला दिसायचं, पण मी चहाडी करायची नाही. चिखलात रेघोट्या, पायाला बिलगणारे बारके खेकडे, डबक्यात बोटाएवढे मासे. तो काळा रंग डोळ्यात असा भरायचा की घरी आल्यावर भिंतसुद्धा हिरवी दिसायची.

पुढं मात्र वर्षभर भोग. त्या भाताचा तांदूळ जाडा, तांबडा, शिजायला अर्धा दिवस. बासमतीच्या गावात आमच्या ताटात तो लाल भात. पाहुणे आले की आई शेजारून वाटीभर चांगला तांदूळ आणायची आणि आत्ती तो परत पाठवायची. म्हणायची, "एक साल जाडं खाल्लं म्हणून कुणी मरत न्हाय. शेत मेलं तर मग बसा बारीक खात." मला तो भात डब्यात न्यायची लाज वाटायची. आज कुणी ताटात वाढला तर मी भांडं खरवडून खाईन.

बियाण्याचा एक नियम होता. काळ्याचं बी मोठ्या शेतातून घ्यायचं नाही. विहिरीजवळ एक वेगळा वाफा असायचा, खाटेएवढा, तिथं आत्ती रोज नजर टाकायची. त्या वाफ्यातल्याच लोंब्या बियाण्याला. शेतात रानभाताच्या शेजारी राहिलेलं काळं भात बाटतं, असं ती सांगायची. आम्हाला वाटायचं, हे तिचं सोवळं-ओवळं.

मी एकोणीस वर्षांची होते त्या साली आत्तीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. काळ्याचं वर्ष होतं. कापणीला आठवडा असताना तिनं टोपली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, विहिरीजवळच्या वाफ्यातलं बी तू आण, मला आता दिसत न्हाय. मी गेले. वाफ्यातल्या लोंब्या खुरट्या होत्या त्या वर्षी. आणि पलीकडं, नाल्याकडच्या बाजूला, शेतात काही रोपं अशी उभी होती म्हणून सांगू! खांद्याएवढी उंच, कुळकुळीत काळी, लोंब्या हातभर. बघत राहावं अशी. मी त्यांच्याच लोंब्या कापल्या. टोपली भरली. मला वाटलं, आत्तीपेक्षा माझी नजर चांगली.

ती बाटलेली रोपं होती. अंगावर काळं, रक्तात रानभात. उंची त्याच्याकडूनच आलेली. आत्तीनं नुसता हात फिरवला असता तरी कुसळ लागलं असतं. पण टोपली मीच मडक्यात ओतली, वर राख घातली, तोंड शेणानं लिंपलं. पुढच्या माघात माझं लग्न झालं.

*

निपाणीकडं आमचं रान म्हणजे तंबाखू आणि शाळू. तिथं भात नाही. पण तिथलं तणही मला सोडेना. शाळूत टारफुला यायचा. वीतभर झाड, पांढरी नाजूक फुलं, सासूबाई दाखवेपर्यंत मला ते देवाला वाहण्यासारखं वाटलं होतं. त्यांनी खणून दाखवलं, खाली शाळूच्या मुळावर त्यानं तोंड लावलेलं. जिथं रानाला शेणखत कमी पडतं तिथं हा आधी येतो, असं त्या म्हणाल्या. फुलायच्या आत उपटायचा, फूल आलं की धूळ उडावी तसं बी उडतं. मी वाकून टारफुला उपटायची आणि माझ्या डोक्यात अनगोळचा नाला असायचा.

लग्नानंतर चार-पाच वर्षांनी मी पंचमीला माहेरी आले. झोका बांधलेला, पोरींचा दंगा, घरात लाह्या फुटत होत्या. आत्ती म्हणाली, मला शेतावर घेऊन चल. औंदा काळं पेरलंय. तोवर तिचे डोळे बरेचसे गेले होते. मी तिचा हात धरून नेलं.

शेत जांभळं होतं. सगळं. एक हिरवी काडी नाही. मला वाटलं, चला, रानभात नाहीच औंदा. आत्ती खाली बसली. एका रोपाच्या बुडख्याला हात घातला, उपटलं, मुळाशी बोटं फिरवली. दुसरं उपटलं. तिसरं. आणि तशीच बसून राहिली. फोलपाटाचं कुसळ तिच्या अंगठ्यात रुतलं होतं.

"ह्याला कुणीतरी आपलं लुगडं नेसवलंय," ती म्हणाली.

रानभात काळं झालं होतं. आता हिरव्यात हिरवं लपत होतं आणि काळ्यात काळं. तिच्या हातातलं एकमेव हत्यार शत्रूनं पळवलं होतं. मी उभी राहिले. बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात तीच म्हणाली, "माझ्या डोळ्यांनी घात केला. मीच बी चुकीचं धरलं आसंल." आणि मी काही बोलले नाही.

एवढी तोंडाची फटकळ मी, जिनं सासरच्या थोरल्यामोठ्यांना गप्प केलं, ती त्या दिवशी गप्प बसले. टोपली तिनं माझ्या हातात दिली होती, हे ती विसरली होती का मला वाचवत होती, ते मला आजतागायत कळलेलं नाही. पुढच्या वर्षी पंचमीच्या आधीच ती गेली. आपल्याच डोळ्यांना दोष देत गेली. काळं भात पुन्हा कुणी पेरलं नाही. आप्पा गेले, मारुती फौंड्रीच्या पाळ्या सांभाळून शेत करायचा, पेरणी ट्रॅक्टरवाल्याच्या सवडीनं, कापणी मशीनवाल्याच्या सवडीनं. नाला गाळानं भरला आणि प्रत्येक पुरात शेतात काय काय आणून टाकू लागला. लोक म्हणतात पाऊस बदलला, जमीन बिघडली. बदलला असेल, बिघडली असेल. पण आमच्या शेतात पहिली चूक पावसानं केली नव्हती.

*

तर हा हंगाम मी मागून घेतला. उपकार म्हणून नाही. ती घाण माझी होती.

वैशाखात मी शेत कुळवून घेतलं. ट्रॅक्टरवाल्याला बांधावर थांबवलं आणि फाळ झाडून दे म्हटलं. तो माझ्याकडं असा बघायला लागला की जणू मी त्याला आंघोळ करून ये म्हटलं. झाडून घेतलंच. परत उगवलं, परत कुळवलं. मृग लागला, शेजारच्या दोघांनी पेरलं, मारुती रोज विचारायचा, कधी गं? मी म्हणायची, उगवू दे. तिसऱ्यांदा उगवलं ते थोडं होतं. तेव्हा हिरव्या भाताचं बी आणलं, चाळून, पाण्यात टाकून, वर तरंगलेलं फेकून, आणि सरळ ओळीत पेरलं. ओळ सरळ, म्हणजे ओळीच्या मधे जे येईल ते आपलं नाही. आणि जे जांभळं येईल ते माझं पाप. या खेपेला त्याचा रंगच त्याला नडणार होता. हिरव्यात काळं लपत नाही.

पण ओळीतलं हिरवं रानभात? त्याला एकच उपाय, मूळ बघणे. संशय आला की रोपाशेजारी बोट खुपसायचं, फोलपाट चाचपायचं. पांढरं, गुळगुळीत तर ठेवायचं. कुसळ लागलं तर उपटायचं. वीस गुंठे, बोटानं.

भांगलणीला बायका मिळेनात. ज्यांच्या आया आमच्या पाथीत बसायच्या त्या पोरी आता सकाळी कंपनीच्या बसनं उद्यमबागेत जातात. जाऊ देत, चांगलंच आहे, सावलीत काम आहे. शेवटी पारव्वा आली, शेडमधे झाडलोट करणारी, माझ्याच वयाची. रविवारी ती, एरवी मी एकटी. ती कानडीत शिव्या घालायची, मी मराठीत, रानभाताला दोन्ही भाषा कळत असाव्यात. दोन पायांवर बसवत नव्हतं म्हणून मी प्लास्टिकचा बुटका स्टूल चिखलात ओढत न्यायची. शेडमधली पोरं डबा खायला बाहेर आली की बघत राहायची. एकानं विचारलं, आजी, काय हरवलंय? मी म्हटलं, हरवलं न्हाय, सापडलंय.

पाणी राखलं. खेकड्यांची भोकं आता नसतात, पण उंदरांची असतात, ती चिखलानं बुजवली. श्रावणात आठ-दहा दिवस उघडीप पडली, वाफ्यातलं पाणी आटलं आणि लगेच तण उठलं, बघता बघता. मग परत पहिल्यापासून. कमर मोडली. बोटांच्या नखांत जो काळा चिखल बसला तो गणपतीच्या आरतीलाही निघाला नाही. मारुती गणपतीत म्हणाला, "आक्का, पुरे आता, आजारी पडशील." मी म्हटलं, पडले तर इथंच पडू दे.

भात पोटरीला आलं, लोंबी आतल्या आत फुगली. मग एका बाजूनं फुलोरा. मी बांधावर उभी राहून एक-एक ओळ डोळ्यांखालून घालायची. सपाट, एका उंचीचं, हिरवं. वास जुन्या बासमतीचा नव्हता, हे बी वेगळं. पण वास होता.

घट बसायच्या आदल्या सकाळी मारुती आला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पण पाय बांधावरच. तो बांधाबांधानं फिरला, हात डोळ्यांवर धरून, अगदी फौंड्रीतला माल तपासतात तसा. अर्धं शेत झालं. त्याला काही दिसलं नाही. त्याचा चेहरा सैल झाला. म्हणाला, जिंकलीस की गं.

आणि मला दिसलं. नाल्याच्या कोपऱ्याला, जिथं पुराचं पाणी घुसलं होतं, भाताच्या वर टीचभर उठलेल्या सात-आठ लोंब्या. काळी फोलपाटं. कुसळं उन्हात चमकत होती. तो तिकडं पाठ करून उभा होता. मी नुसती गप्प बसले असते तरी चाललं असतं. संध्याकाळी येऊन उपटलं असतं, चुलीत घातलं असतं, कुणाला कळलं नसतं.

एकदा गप्प बसले होते. पुरे.

मी चिखलात उतरले, तो गड्डा मुळासकट उपटला, दाणा सांडू नये म्हणून पदरात धरला आणि त्याच्या समोर उभी राहिले.

"ही बघ काडी. अट मोडली," मी म्हटलं. "आन दुसरं ऐक. ह्या शेतात काळं रानभात आत्तीच्या चुकीनं आलं न्हाय. बी मी धरलेलं. हितनंच, ह्या कोपऱ्यातनं. ती मरेपर्यंत मी बोलले न्हाय."

शेडमधलं मशीन सुरू झालं, बंद झालं. मला वाटलं होतं मी रडेन. रडू आलं नाही, रागच आला, सगळ्याचाच. म्हटलं, "मुरूम टाकायचा तर टाक, शब्द माझाच हाय. पन मी उद्या सकाळी हितंच येणार. मुरमावर बी येणार. मला आनि दोन सालं लागतील, आनि मी ती घेणार."

मारुतीनं माझ्या पदरातली एक लोंबी घेतली. कुसळावरून अंगठा उलटा फिरवला. मग म्हणाला, "कोपरा म्हंजे कुठनं कुठपर्यंत?"

मी दाखवलं. नाल्यापासून चौदाव्या ओळीपर्यंत.

तो बांधावरून खाली उतरला. किती वर्षांनी त्याचे पाय त्या चिखलात गेले असतील देव जाणे, पहिल्याच पावलाला पोटरीपर्यंत रुतला. वाकला. हाताला आलेलं पहिलं रोप त्यानं ओढून काढलं आणि मुळाशी चिखल पुसून माझ्यापुढं धरलं. फोलपाट पांढरं, गुळगुळीत.

मी त्याच्या हातावर फटका मारला. "ते आपलं हाय."

साठी उलटलेला माणूस. त्यानं ते रोप परत चिखलात खोचलं, अंगठ्यानं बुडखा दाबला, दोनदा, तीनदा. ते आता जगणार नव्हतं, हे त्यालाही कळत होतं. मग म्हणाला, "पुढचं तू दाखव." मी दाखवलं.